साडेनऊच्या आतलं बटण

सोमवार, २ मार्च

आज लॅबचं मशीन बंद पडलं. पाडणारी मी.

लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. रक्ततपासणीच्या ह्या लॅबमध्ये मला बावीस वर्षं झाली. आधी बाटल्या धुतल्या, मग नमुन्यांवर नंबर चिकटवले, आणि गेल्या वर्षापासून मागची खोली माझ्याकडे आहे. तिथे सर्व्हर नावाचं मशीन असतं. पाच ठिकाणांहून येणारे सगळे रिपोर्ट त्याच्या पोटात. माझं काम खोली झाडायची, पुसायची आणि कुलूप लावायचं.

धूळ मशीनला वाईट, असं लॅबच्या मालकीण मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. ते माझ्या डोक्यात बसलं. घरी एक जुना पडदा होता, जाड कापडाचा. शुक्रवारी त्याचं कव्हर शिवलं, कडेला निळी पट्टी लावली आणि शनिवारी संध्याकाळी मशीनला घातलं. अगदी मापात बसलं. माझं मलाच कौतुक वाटलं.

आज सकाळी येऊन बघते तर बाहेर चाळीस माणसं रिपोर्टसाठी उभी आणि आत सगळे कॉम्प्युटर मुके. वायरमनला बोलावलं. त्याने खोलीत पाऊल टाकलं आणि विचारलं, "ह्याला झबलं कोणी शिवलं?"

"मी."

"काकू, हे पुढून श्वास घेतं आणि मागून सोडतं. तुम्ही दोन्हीकडून तोंड बांधलंत की."

कव्हर काढलं तर इस्त्रीखालून येते तशी गरम हवा आली. तापून तापून रविवारीच कधीतरी त्याने स्वतःला बंद करून घेतलं होतं. कोणाला पत्ता नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. कव्हर हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि "शिवण चांगली आहे," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.


बुधवार, ४ मार्च

मॅडमनी बोलावलं. एक मोठी कंपनी आहे, ती म्हणे सगळे रिपोर्ट आपल्याकडे सांभाळते. मशीन इथे ठेवायलाच नको. मग मागच्या खोलीत खोकी ठेवता येतील.

"आणि मी?"

"बाई, तुम्ही आता आराम करा. खूप केलंत."

दीड वर्षापूर्वी हे गेले तेव्हाही सगळे आराम करा म्हणाले होते. मी तीन दिवस केला. तेवढा मला पुरला.

घरी येऊन बेबीला फोन केला. बेबी म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, माझी नणंद. पन्नाशी पूर्ण झाली तरी नाव बेबीच. सव्वीस वर्षं कंपनीत प्रोग्राम लिहिले. कंपनीने माणसं कमी केली त्यात तिलाही कमी केलं, तेव्हापासून स्वतःचं काहीतरी करणार म्हणते आहे. तिला सगळं सांगितलं. कव्हरचं ऐकून ती इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. परत उचलून म्हणाली, "दादा असता तर त्याने तुला विचारलं असतं, बाह्या का नाही ठेवल्यास?"

खरं आहे. असंच विचारलं असतं.


शुक्रवार, ६ मार्च

बेबी लॅबमध्ये आली. मॅडमना म्हणाली, "मशीन तापलं हा दोष नाही. दोन दिवस कोणाला कळलं नाही हा दोष आहे. मी एक प्रोग्राम लिहिते. पंखे, उष्णता, वीज, डिस्क, सगळ्यांवर तो लक्ष ठेवेल आणि बिघडायच्या आधी सांगेल."

मॅडमनी विचार केला. म्हणाल्या, "एकतीस मेपर्यंत बघते. मशीन आजारी पडलं तर पडू दे, पण मला आधी कळलं पाहिजे. एकदा जरी न सांगता रिपोर्ट थांबले तरी मी त्या कंपनीच्या कागदावर सही करणार."

बेबी म्हणाली, "चालेल." आवाज ठणठणीत होता. पण मी शेजारी बसले होते म्हणून मला टेबलाखालचं दिसत होतं. तिच्या एका हाताने दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता. तिचं स्वतःचं असं हे पहिलंच काम.


बुधवार, ११ मार्च

मशीनची ओळख झाली. सहा पंखे. वीज आत घेणारे दोन डबे, एक गेला तर दुसरा आहे. चौदा ठिकाणी उष्णता मोजणारे सेन्सर. समोर आठ डिस्क, आठ खणांत उभ्या. रिपोर्ट त्यांच्यात वाटून ठेवलेले असतात. एक डिस्क गेली तर बाकीच्या सात सांभाळून घेतात. एकदम दोन गेल्या तर सगळं गेलं.

बेबी म्हणते एवढं लक्षात ठेवलंस तरी खूप. मी सातवीपर्यंत शिकले, पण पुढे जे हाताला लागलं ते वाचलं. पुड्यांचे कागद वाचले, औषधांच्या डब्यांतल्या घड्या वाचल्या, लॅबच्या वाचनपेटीतल्या कादंबऱ्या दोनदा वाचल्या. हे तर एक मशीन आहे.

आठ खणांवर मी नमुन्यांच्या चिकटपट्ट्यांचे नंबर लावले. १ ते ८, सुबक.

बेबीच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पंखा मंदावला की काहीतरी आकडे आणि अक्षरं येतात. मी म्हटलं हे कोणाला कळणार? तिने विचारलं, "मग तू काय म्हणशील?"

"तीन नंबरचा पंखा कामचुकारपणा करतोय."

तिने तेच लिहून टाकलं. मला वाटलं गंमत करते आहे. दुपारी पंखा खरंच मंदावला आणि मॅडमच्या फोनवर तो संदेश गेला. त्या बैठकीत होत्या. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "कोण कामचुकारपणा करतंय?"


मंगळवार, १७ मार्च

आज दिवसभरात त्रेचाळीस सूचना. दार उघडलं, उष्णता वाढली, सूचना. दार लावलं, पुन्हा सूचना. चार वाजता मॅडमनी फोन खणात ठेवून खण बंद केला. बेबीचं तोंड उतरलं. "पुस्तकात हेच आकडे दिलेत, वहिनी."

"पुस्तकातलं मशीन वेगळं, आपलं वेगळं. ह्यांचा ताप साधारण दिवशी सत्त्याण्णवच असायचा. अठ्ठ्याण्णव झाला की मी सावध व्हायचे. डॉक्टर म्हणायचे, अठ्ठ्याण्णवला कसला ताप? पण रात्री चढायचाच. आधी ह्याचं रोजचं काय असतं ते बघ, मग जास्त काय ते ठरव."

बेबीने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "दोन आठवडे रोज तीनदा आकडे लिहून ठेवशील?"

ते मला येतं.


मंगळवार, ३१ मार्च

दोन आठवडे झाले. वही बेबीला दिली.

नवी वही आणली नव्हती. ह्यांच्या आजारपणातली वही होती, अकरा महिन्यांची, तिची मागची पानं कोरी होती. मध्ये एक पान सोडून तिथून सुरू केलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पंखे, उष्णता, डिस्क. शेवटच्या रकान्यात काही विशेष असेल तर.

बेबीने बसून माझ्या आकड्यांवरून मर्यादा ठरवल्या. आज दिवसभरात दोनच सूचना आल्या, दोन्ही खऱ्या. एकदा मी झाडू मागच्या जाळीला टेकवून ठेवला होता. प्रोग्रामने सांगितलं, "मागून कोणीतरी श्वास अडवतंय." हे वाक्य माझंच.

वही परत देताना बेबीने पुढची पानं चाळलेली दिसली.  मी वही पिशवीत ठेवली.


गुरुवार, ९ एप्रिल

आज एक भलतंच झालं. पडदा सकाळपासून हिरवा. हिरवा म्हणजे ठीक. बारा वाजता आकडे लिहायला गेले तर पडद्यावरचं घड्याळ अकरा दहावर. साडेबारालाही अकरा दहा. बेबीला फोन केला. म्हणजे लक्ष ठेवणारा प्रोग्रामच झोपला होता. मशीनचं नशीब की त्या वेळात त्याला काही झालं नाही.

बेबी धावत आली, दुरुस्त केलं आणि खुर्चीत बसून राहिली. "काही होत नाही तेव्हा तो गप्प असतो. मेला तरी गप्पच. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं."

मी म्हटलं, "मग बरं असलं तरी सांगू दे की त्याला. रोज सकाळी."

"रोज ठीकच असणार. कोण वाचणार ते?"

मग मला जे वाटत होतं ते मी सांगितलं. ह्यांच्या वहीत अकरा महिने आहेत आणि सगळे वाईट आहेत. ताप चढला, उलटी झाली, धाप लागली. ज्या दिवशी काही नव्हतं त्या दिवशी मी लिहिलंच नाही. एकदा त्यांनी दोन वाट्या भात खाल्ला, खिडकीत बसून शेजारच्या मांजराशी भांडले आणि मला म्हणाले, तू आज चांगली दिसतेस. तारीख कोणती होती? वहीत नाही. कितीतरी दिवस असे गेले असतील. आता ती वही वाचली तर वाटतं आम्ही अकरा महिने नुसते रडत होतो. तसं नव्हतं.

बेबी बराच वेळ पिशवीत काहीतरी शोधत होती. रुमाल तर हातातच होता.


शुक्रवार, १० एप्रिल

आता रोज सकाळी साडेआठला माझ्या फोनवर येतं: "आज सगळं ठीक आहे." खाली एक बटण, "पाहिलं". साडेनऊच्या आत मी ते दाबायचं. नाही दाबलं तर बेबीचा फोन वाजतो.

मी विचारलं, "मॅडमनी दाबलं तर नाही चालत?"

"नाही. तांत्रिक कारण आहे."

तांत्रिक असेल तर असेल.


रविवार, १२ एप्रिल

सुट्टीच्या दिवशीही आलं. बेबीला म्हटलं, रविवारी लॅब बंद असते.

"मशीन बंद असतं का?"

बरोबर आहे. दाबलं.


सोमवार, २० एप्रिल

बटणाखाली आता "शेरा" आला आहे. बेबी म्हणते एक ओळ तरी लिहायचीच, रिकामा ठेवला तर प्रोग्राम अडतो. मी विचारलं काय लिहू? म्हणाली, "काहीही. यंत्रणेला मजकूर लागतो."

लिहिलं: "पंखे बरे. दूध उतू गेलं."

पाच मिनिटांत तिचं उत्तर: "नोंद घेतली. गॅस पुसलास का?"

हे यंत्रणेला कशाला हवं, देव जाणे.


सोमवार, २७ एप्रिल

आज शेरा: "सगळं ठीक. चौथ्या पंख्याचा आवाज सुधारला. कादंबरीतली बाई शेवटी घरी परत जाते, मला ते पटलं नाही."

बेबी: "मलाही नाही पटलं. मी नवऱ्याकडे परत गेले नाही, किती छान चाललंय."


मंगळवार, ५ मे

काल शेऱ्यात लिहिलं होतं की दोन रात्री झोप नाही. कारण काही नाही, कधीकधी येत नाही.

संध्याकाळी बेबी दारात. हातात उशी. "इकडून चालले होते." ती राहते ते दोन बस बदलून यावं लागतं, आणि उशी घेऊन कोण कुठे चाललेलं असतं? पण आली ते बरं झालं. ह्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत बसली. हे आठ वर्षांचे असताना त्यांनी घरातलं घड्याळ उघडून साफ केलं आणि तीन चाकं उरली. ती कोणाला कळू नयेत म्हणून बेबीच्या बाहुलीच्या पोटात शिवून टाकली. घड्याळ त्यानंतरही चाललं. मला हे माहीतच नव्हतं. तीस वर्षं संसार केला आणि अजून नवीन कळतंय.

आज सकाळी सात वाजता जाग आली. बेबी घोरत होती. दोघी एकाच घरात असताना साडेआठला संदेश आला. मी बटण दाबलं आणि आतल्या खोलीत तिचा फोन टिंग वाजला. आम्ही दोघी खूप हसलो.


सोमवार, १८ मे

डिस्क ४ मला आवडत नाही.

डिस्कच्या आत खराब झालेल्या जागा प्रोग्राम मोजतो. बाकी सात डिस्कना शून्य, त्यांचे नंबरही पडद्यावर येत नाहीत. चौथीला: शून्य, शून्य, दोन, दोन, पाच, सात. पडदा हिरवा, कारण बेबीने मर्यादा दहा ठेवली आहे. फोनवर ती म्हणाली, "अजून मर्यादेत आहे."

"मर्यादेत आहे, पण चढतंय. पाच दिवसांत सातवर गेलं."

तिने परत आकडे पाहिले. मग म्हणाली, "बदलायची तर उद्या डिस्क मागवते. पण मॅडमना काय सांगणार? सगळं हिरवं दिसतंय आणि आम्ही मशीन उघडतोय?"

तेरा दिवस राहिलेत. काही न करता हिरवं बघत बसलो तर कदाचित निभावेलही. उघडताना काही बिघडलं तर मात्र सगळं संपलं, तिचं काम आणि माझी खोली. बेबीला मी हेही म्हटलं. ती म्हणाली, "वहिनी, तू काय केलं असतंस?"

"अठ्ठ्याण्णवला मी डॉक्टरला बोलावलं असतं."


बुधवार, २० मे

आजचा दिवस नीट लिहायचा आहे.

दहा वाजता बेबी नवी डिस्क घेऊन आली. मॅडम दारात उभ्या राहिल्या, हाताची घडी. मशीन चालू ठेवूनच डिस्क बदलता येते, पण ती आजारी डिस्कच असली पाहिजे. चांगली काढली तर आजारीवरच सगळा भार येणार आणि तीही गेली की पाच ठिकाणचे सगळे रिपोर्ट गेले.

बेबी गुडघ्यांवर बसली. पडद्यावर "डिस्क ४" पिवळी. रात्रीत आकडा अकरावर गेला होता. समोर माझी चिकटपट्टी ४. तिने चौथ्या खणाच्या कडीला बोट लावलं.

मी म्हटलं, "थांब."

"काय झालं?"

"ही नाही. ही गार असते."

रोज मी ते खण पुसते. पाचव्यावरून कापड फिरवलं की ते कोमट लागतं. मला वाटायचं कडेच्या पंख्यामुळे असेल. पण आजारी माणूस कुठे तापतो ते हाताला कळतं, आणि चौथी कधीच तापलेली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "बाई, पडद्यावर चार लिहिलंय."

"लिहिलं असेल. हात लावून बघा."

बेबीने हात लावला. चौथ्याला, मग पाचव्याला. मग तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्या चिकटपट्ट्यांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"शून्य," ती म्हणाली. "मी शून्यापासून मोजलंय. आम्ही सगळे शून्यापासूनच मोजतो. माझी चौथी म्हणजे तुझी पाचवी."

मी इतकी वर्षं नमुने मोजले. शून्य नंबरचा माणूस रक्त द्यायला कधी आला नाही.

मग तिला आठवलं की पाहिजे त्या डिस्कवरचा दिवा लुकलुकवायची सोय तिनेच केली आहे आणि तीच वापरायची विसरली. कळ दाबली. पाचव्या खणावर दिवा लुकलुकायला लागला. मॅडमनी हाताची घडी सोडली.

पाचवी काढली, नवी घातली. बाकीच्या सात नवीला सगळं शिकवतात, त्याला सव्वासहा तास लागले. आम्ही दोघी समोर बसून राहिलो. मी कादंबरी मोठ्याने वाचली, बेबी टक्के सांगत होती. "तो तिला पत्र लिहितो." "बावीस टक्के." "ती पत्र उघडतच नाही." "एकतीस. का नाही उघडत?" वायरमन कामाला आला आणि चाळीस टक्क्यांपासून एकसष्टपर्यंत ऐकत बसला. जाताना म्हणाला, पत्राचं काय झालं ते मला उद्या सांगा.

रिपोर्ट एक मिनिटही थांबले नाहीत. पावणेपाचला पडदा हिरवा झाला. बेबीने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: "आज उत्तम दिवस." तारीखही घातली. मी पाहिलं, मागे जे पान मी सोडलं होतं ना, तिथेही तिने काहीतरी लिहिलं आहे: "दादाने दोन वाट्या भात खाल्ला. मांजराशी भांडला. तारीख माहीत नाही."

चिकटपट्ट्या बदलू का विचारलं. ती म्हणाली, नको, मीच एकापासून मोजायला शिकते.


सोमवार, १ जून

मुदत संपली. मॅडम मागच्या खोलीत आल्या, म्हणाल्या त्या कंपनीला नाही कळवलं. बेबीचं काम पुढे चालू. ओळखीच्या आणखी दोन लॅबवाल्यांनाही तिचा नंबर दिला आहे. खोलीत खोकी येणार नाहीत.

बेबी "थँक्यू" म्हणाली आणि पाण्याची बाटली उलटी धरून प्यायला गेली.

जाता जाता मॅडमनी विचारलं, "बाई, तुमच्या खिडकीचं दार दुरुस्त झालं का?"

मी चक्रावले. ते तर मी फक्त शेऱ्यात लिहिलं होतं, त्यांना कसं माहीत? तर मॅडमचा फोनही पहिल्यापासून यादीत आहे. माझे सगळे शेरे त्यांना जात होते. दूध उतू गेलेलं, झोप न आलेली, कादंबरीतल्या बाईवरचं माझं मत. मी बेबीकडे पाहिलं. बेबी छताकडे बघत होती.

"बंद करू का ते?" मी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "नको. सकाळी तेवढंच एक चांगलं वाचायला मिळतं."


रविवार, ७ जून

वही संपत आली होती. सकाळी आठलाच नवी आणायला बाहेर पडले. फोन घरी राहिला. हवा छान होती म्हणून तळ्याला वळसा घालून गेले. दुकान उघडायचं होतं तर बाकावर बसले. एका म्हाताऱ्याचा कुत्रा पायाशी येऊन झोपला, त्याला उठवणं बरं वाटेना. मग वही घेतली, जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. घरी यायला पावणेअकरा झाले.

जिन्यात बेबी बसलेली. अंगावर घरातला गाऊन, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात भलतीच कोणाची. डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, तिच्यातून काळा रंग कपाळावर ओघळलेला. केसांना रंग लावून बसली असताना निघाली होती. तशीच दोन बस बदलून आली. शेजारीण वरच्या पायरीवर पाणी घेऊन उभी.

मला बघून ती उठली आणि परत बसली.

"बटण का नाही दाबलंस?"

"फोन घरी राहिला. बेबी, मशीनला काही झालं का?"

"मशीन गेलं खड्ड्यात," ती म्हणाली.

तीन महिने ज्या मशीनसाठी जिवाचं रान केलं, त्याला असं म्हणते. दमली असणार. घरात नेऊन बेसिनवर तिचे केस धुतले. डोळ्यांतून पाणी येत होतं, रंग गेला असेल डोळ्यांत. मी म्हटलं, एका सकाळी बटण नाही दाबलं तर एवढं घाबरायचं नसतं, मशीनमध्ये सहा पंखे आहेत. तर ती बेसिनमध्ये तोंड घालून हसायलाच लागली, थांबेचना. "हो वहिनी," म्हणाली, "सहा आहेत."

दुपारी जेवून झोपली. मी तिच्याकडे बघत बसले. केस अर्धे काळे, अर्धे तांबूस. ही एवढी पन्नाशीची बाई, एकटी राहते. मशीनकडे रात्रंदिवस लक्ष, पण हिच्याकडे कोण बघतं? हिला ताप आला, पाय घसरला तर कोणाला कळणार? हे मला आधी कसं सुचलं नाही. ह्यांनी जाताना मला दुसरं काही सांगितलं नव्हतं, बेबीकडे बघ एवढंच सांगितलं होतं.

सरळ सांगितलं तर ती ऐकणार नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून जरा डोकं चालवलं. ती उठल्यावर चहा दिला आणि सहज म्हटलं, "ज्या लॅपटॉपवर तू प्रोग्राम लिहितेस, त्याच्या तब्येतीवर कोण लक्ष ठेवतं? तो बंद पडला तर? तूही रोज सकाळी एक संदेश पाठवत जा, साडेनऊच्या आत. शेरा पाहिजेच. नाही आला तर माझा फोन वाजला पाहिजे."

तिने कपावरून माझ्याकडे पाहिलं. "लॅपटॉपसाठी?"

"तांत्रिक कारण आहे," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. तिला काही संशय आला नाही.


सोमवार, ८ जून

नवी वही, पहिलं पान.

साडेआठला मशीनचा संदेश आला. "पाहिलं" दाबलं. शेरा: "सगळं ठीक. झोप लागली."

आठ पन्नासला बेबीचा: "लॅपटॉप ठीक. डावीकडचे केस काळे, उजवीकडचे तांबडे. शेजारच्यांची चप्पल परत केली, ते बोलत नाहीत."

खाली माझ्यासाठी एक बटण होतं. दाबलं.